हॉकी-इतिहासवाल्यांच्या संमेलनाला जाऊ का? (सोबत शिमल्याचा एक जुना फोटो)

पुणे३ | ११ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी लंडनला राहतो, म्हणजे ओंटॅरिओतल्या लंडनला. मूळचा खडकीचा. खडकी माहीत असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे पोराच्या हातात बॅटीच्या आधी हॉकीची स्टिक येते. धनराज पिल्ले आमच्याच भागात, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला. इथे आल्यावर कळलं की या देशात नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरचीच, आणि आपल्या हॉकीला मागे 'फील्ड' लावल्याशिवाय कोणाला समजत नाही.

मुलगी नऊ वर्षांची आहे, तीन वर्षं खेळते. शनिवारी पहाटे साडेपाचला तिला रिंकवर सोडायचं आणि काचेपलीकडे बसून राहायचं, असं चालू आहे. त्या रिंकच्या भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आहेत. ते बघता बघता मला या खेळाच्या इतिहासाचा नाद लागला. मग 'सोसायटी फॉर इंटरनॅशनल हॉकी रिसर्च'बद्दल वाचलं. त्यांचं यंदाचं संमेलन आमच्यापासून अडीच तासांवर आहे.

आता खरी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीत एका घराचं सामान विकायला काढलं होतं. एका खोक्यात फोटो होते, त्यातला एक मी पाच डॉलरला घेतला. बर्फाचं मैदान, मागे देवदारांचा उतार, वर पत्र्याच्या छपरांची घरं. आठ माणसं उभी आहेत. सात जणांच्या हातात स्टिक, आठवा ओव्हरकोटात. मागे पेन्सिलीने इंग्रजीत 'सिमला' लिहिलंय आणि त्याखाली एक पुसट आकडा. तो २ आहे की ७, मला लागत नाही.

विचारायचं असं, की मी जावं का? तिथे सगळे जन्मापासून बर्फावर वाढलेले असणार. मी स्केट्स आयुष्यात एकदाही घातलेले नाहीत. आणि फोटो न्यायचा का? की आधी कोणाला तरी पाठवावा?

---

मोडीवाली | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

पुणे३, जा. आणि फोटोसुद्धा ने.

मी ओटावाला असते, लेकाकडे. त्याआधी बत्तीस वर्षं सांगलीला भूमी अभिलेखात काढली. मोडी वाचता येणारी कचेरीत मी एकटीच उरले होते, त्यामुळे कुठल्याही गावचा जुना वाद निघाला की कापडात बांधलेल्या दप्तराचा रुमाल माझ्या टेबलावर यायचा. या संमेलनाला मी तीनदा गेले आहे. मलाही स्केटिंग येत नाही, आणि तिन्ही वेळा कोणी ते विचारलंसुद्धा नाही. "तुम्ही कशावर काम करताय?" एवढंच विचारतात.

मी इकडे कशी वळले ते सांगते. आमच्याजवळ बीचवुड दफनभूमी आहे. फार सुंदर जागा. नातवाला घेऊन फिरायला जायचे, तर तो एका दगडापाशी थांबून वाचायला लागला. जेम्स जॉर्ज एल्विन क्रायटन. १८५० साली हॅलिफॅक्सला जन्मलेला इंजिनिअर, पुढे वकील झाला आणि कॅनडाच्या सेनेटचा कायदा-लेखनिक म्हणून ४८ वर्षं काम केलं. १९३० मध्ये गेला. ३ मार्च १८७५ ला माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, छपराखाली, ठरवून, जाहिरात देऊन जो हॉकीचा सामना झाला, त्यातला एक कप्तान हा. आणि या माणसाच्या थडग्यावर जवळजवळ ऐंशी वर्षं नावसुद्धा नव्हतं. २००९ मध्ये या सोसायटीच्या लोकांनी पुढाकार घेऊन तो दगड बसवला. अनावरणाला पंतप्रधान आले होते.

नातू घरी जाऊन विसरला, मला मात्र झोप लागेना. ऐंशी वर्षांनी एका लेखनिकाचं नाव कोणी कसं शोधून काढलं असेल? हा शोध म्हणजे माझ्या आयुष्यभराचंच काम होतं की.

ही सोसायटी १९९१ मध्ये ओंटॅरिओतल्या किंग्स्टनला स्थापन झाली. बिल फिट्सेल हे मूळ माणूस. किंग्स्टनच्या 'व्हिग-स्टँडर्ड' या वर्तमानपत्रातले पत्रकार, २०२० च्या डिसेंबरात गेले. विद्यापीठाची संस्था नाही ही. येणाऱ्यांत प्राध्यापक असतात, पण निवृत्त पोस्टमन, शाळामास्तर, नर्स, रेल्वेतला माणूस असेही असतात. दर वसंतात निराळ्या गावी जमतात. एखादा हॉल, पुढे पडदा, मागे टेबलावर विकायची पुस्तकं आणि कॉफीचं मोठं भांडं.

माझ्या पहिल्या खेपेला शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांच्याकडे बुटांचा खोका. त्यात जाड कागदाच्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक खेळाडू. शंभर वर्षांपूर्वीच्या एका छोट्या खाणगावातल्या संघाचे. वर्तमानपत्रं त्या काळी नुसतं आडनाव छापायची. एकाच आडनावाचे दोघे भाऊ त्या गावात होते, एक खेळायचा, एक खाणीत मेला, आणि नंतरच्या सगळ्या याद्यांमध्ये मेलेल्याच्या नावावर गोल चढलेले. आजोबांनी जनगणनेचे तक्ते, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि सामन्यांच्या बातम्या शेजारी ठेवून तो गुंता सोडवला होता. चार वर्षं लागली म्हणाले. मला ते ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे फेरफारात थोरल्याच्या जागी धाकट्याचं नाव पडलं की तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि ते निस्तरणारा माणूस असाच चिठ्ठ्या घेऊन बसतो.

तुझ्यासारख्या पुणेकराला सगळ्यात जवळचा वाटेल तो 'पहिला कोण' हा वाद. सार्वजनिक गणपती आधी भाऊ रंगारींचा की टिळकांचा, यावर पुण्यात दर भाद्रपदात माणसं हिरीरीने बोलतात, तसंच इथे हॉकीचं जन्मगाव. माँट्रियल म्हणतं आमचं, किंग्स्टन म्हणायचं आमचं, हॅलिफॅक्स-डार्टमथचं वेगळंच, आणि नोव्हा स्कोशियातलं विंडसर तर गावाच्या पाट्यांवर लिहितं. विंडसरचा मुख्य आधार काय, तर हॅलिबर्टन नावाच्या लेखकाच्या १८४४ सालच्या एका लिखाणातलं वाक्य. शाळेतली पोरं लाँग पाँडवर बर्फात 'हर्ली' खेळतात, असं. पण ते बोलतंय एक काल्पनिक पात्र, आणि त्यात ना तारीख, ना स्केट्सचा उल्लेख.

सोसायटीने २००१ मध्ये यावर समिती नेमली. पुढच्या वर्षी अहवाल आला. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी निकाल देण्याआधी हॉकी म्हणजे काय ते ठरवलं. बर्फाचं रिंगण, दोन संघ, पायांत स्केट्स, टोकाला वाकडी स्टिक, मारायला एक लहानशी वस्तू, आणि समोरच्याच्या गोलात ती घालायचा हेतू. ही सहा लक्षणं जिथे एकत्र दिसतील तिथेच हॉकी म्हणायचं. मग विंडसरचा दावा त्यावर घासून पाहिला आणि पुरावा पुरत नाही असं लिहिलं. जमिनीच्या कामात हेच करावं लागतं. आधी चतुःसीमा ठरव, मग मालक कोण ते विचार.

माँट्रियलचं वजन का जास्त, तर कागद आहेत. सामन्याच्या दिवशी सकाळी 'गॅझेट'मध्ये सूचना आली होती. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल अशी लोकांना धास्ती होती, म्हणून लाकडाचा चपटा गोल तुकडा वापरणार आहेत, तो बर्फावरून उठणार नाही, असं त्यात लिहिलंय. पक असा जन्माला आला, बघायला येणाऱ्यांच्या काळजीपोटी. दोन्हीकडे नऊ-नऊ गडी, क्रायटनच्या बाजूने २–१ जिंकलं. आणि सामना संपल्यावर जी मारामारी झाली ती बातमी किंग्स्टनच्या 'डेली ब्रिटिश व्हिग'मध्ये सापडते: नडग्या-डोकी फुटली, बाकडी मोडली, बायका घाबरून पळाल्या. रिंकच्या नेहमीच्या स्केटिंगवाल्यांना बर्फ मोकळा हवा होता, त्यावरून जुंपली. एकाच संध्याकाळचे असे दोन कागद, दोन गावांतले. फिट्सेल ज्या वर्तमानपत्रात होते ते या 'व्हिग'चंच पुढचं रूप, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

आणि तरी या लोकांनी तिथेही थांबायचं मान्य केलं नाही. २०१४ मध्ये सोसायटीतल्याच तिघांनी, दोन स्वीडिश आणि एक क्वेबेकचा, पुस्तक काढून दाखवलं की १८७५ च्या कितीतरी आधी इंग्लंडात तळ्यांवर स्केट्स घालून हॉकी खेळत होते. त्यांचा एक साक्षीदार कोण, तर चार्ल्स डार्विन! रग्बीच्या शाळेत असलेल्या मुलाला, विल्यमला, त्याने १८५३ च्या मार्चमध्ये पत्र लिहिलं: तुमच्याकडे स्केटिंगला बरंसं तळं आहे का, मला बर्फावर स्केट्स घालून हॉकी खेळायला फार आवडायचं. बाप मुलाला सहज लिहितोय. त्याला काही सिद्ध करायचं नाही, म्हणून तो पुरावा इतका भक्कम. कॅनडाच्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये हे बोललं जातं आणि लोक मान डोलावतात, मग उठून अवघड प्रश्न विचारतात. आपल्या गावचा मान जातोय म्हणून कोणी आवाज चढवलेला मी पाहिला नाही.

बाकी फोटोबद्दल संध्याकाळी लिहिते. तोवर त्याला हात लावू नकोस.

---

माँट्रियल_मुक्कामी | १२ एप्रिल, दुपारी १:४०

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी थोडी भर घालतो. व्हिक्टोरिया रिंक उभी होती ती जागा ड्रमंड आणि स्टॅनली रस्त्यांच्या मधली. आता तिथे गाड्यांचं पार्किंग आहे. मी त्याच पार्किंगमध्ये दोन वर्षं गाडी लावत होतो आणि मला पत्ता नव्हता. बेल सेंटरहून चालत पाच-सात मिनिटं. त्या रिंकचा बर्फ २०४ फूट लांब, ८० फूट रुंद होता. आजचा एनएचएलचा, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा, २०० बाय ८५. म्हणजे पुण्याच्या पोरीसुद्धा आज लंडनात खेळतात ते जवळजवळ त्याच मापाच्या चौकटीत.

टोरंटोवरून जाणं झालं तर यंग आणि फ्रंटच्या कोपऱ्यावरचं हॉकीचं हॉल ऑफ फेम चुकवू नका. १८८५ ची बँकेची इमारत आहे, आत एनएचएल जिंकणाऱ्याला मिळतो तो स्टॅनली कप. लॉर्ड स्टॅनलीने १८९२ मध्ये दिलेलं मूळ भांडं वेगळं, जुन्या तिजोरीत ठेवलंय. कपावर कोरलेल्या नावांत चुका आहेत त्या मुलीला शोधायला लावा. १९६३ ला 'लीफ्स'चं अक्षर चुकलंय (ती पट्टी २०१८ मध्ये कपावरून काढली), १९७२ च्या 'बोस्टन'मध्ये ओच्या जागी क्यू पडलेत, १९८१ च्या 'आयलंडर्स'मधला एस गायब आहे. माझा मुलगा तासभर तिथून हलला नव्हता.

---

डोंगरवाट | १२ एप्रिल, संध्याकाळी ६:१५ (भारत)

मी नाशिकचा. हिवाळ्यात दोनदा लेहला गेलोय, तिथल्या बर्फहॉकीसाठीच. तुमचा फोटो शिमल्याचा असेल तर त्याला फार किंमत आहे असं मला वाटतं, कारण आपल्याकडे या खेळाचा इतिहास कोणी नीट लिहिलेलाच नाही.

शिमल्याचं थोडं माहीत आहे. तिथलं स्केटिंगचं रिंक १९२० चं. ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर पाणी गोठलेलं पाहिलं आणि मुद्दाम पाणी सोडून रिंक केलं, असं सांगतात. यंत्र नाही, नुसती थंडी. रात्री पाणी मारायचं, सकाळी बर्फ, ऊन चढलं की खेळ बंद.

लेहला कारझू तळ्यावर मी सकाळी सातला उभा होतो. उणे सतरा. एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की त्यांच्या तरुणपणी लष्करी बुटांच्या तळाला लोखंडाची पाती ठोकून स्केट्स करायचे. त्यांच्या घरी तसा एक जोड अजून आहे, खिळे गंजलेले. मी हातात घेतला, एक बूट दीड किलोचा तरी असेल. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला, बायकांच्या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला तो २०१७ मध्ये बँकॉकला, फिलिपिन्सविरुद्ध ४–३. त्या मुलींपैकी बहुतेक लडाखच्या. पण १९८९ च्या आधीचं सगळं अशा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. ती आता ऐंशीच्या घरातली आहेत. तुम्ही त्या संमेलनात हा विषय काढा. निदान विचारा, तोंडी आठवणी घ्यायच्या तर ते कसं करतात.

---

मोडीवाली | १२ एप्रिल, रात्री ९:३०

डोंगरवाट, त्या गृहस्थांचं बोलणं फोनवर तरी ध्वनिमुद्रित करून ठेव, आणि बुटांचा फोटो चारी बाजूंनी काढ, शेजारी फूटपट्टी ठेवून. पुढच्या हिवाळ्याची वाट बघू नकोस.

आता पुणे३, तुझा फोटो. मी जे हाताने शिकले ते सांगते.

मागच्या पेन्सिलीच्या आकड्यावर खोडरबर, ओला बोळा, काहीही लावायचं नाही. दिवा एका बाजूने तिरपा धर. पेन्सिलीने कागद दबतो, त्या खोलगट रेषेची सावली पडते. मोडीतल्या पुसट नोंदी मी अशाच वाचल्या. २ असेल तर खाली आडवी रेघ दबलेली मिळेल, ७ असेल तर वर. पुढची आणि मागची बाजू दोन्ही स्कॅन कर, कडांसकट. कडा कापून टाकतात लोक, आणि नेमका छायाचित्रकाराचा शिक्का तिथेच असतो.

ज्या खोक्यात तो होता त्यात आणखी काय होतं ते आठवून आजच लिहून ठेव. घर कुठल्या गल्लीत, तारीख काय, विकणाऱ्याने काही सांगितलं का. एका कचेरीत पावसाचं पाणी शिरून एका तालुक्याचे रुमाल भिजले होते. कागद वाळवले, बरेचसे वाचलेसुद्धा, पण कुठला कागद कुठल्या रुमालातला हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. शाई शाबूत, अक्षर शाबूत, आणि तरी ते कागद मुके झाले. दोन वर्षं मी त्यांच्यापुढे बसले होते. म्हणून तुला इतकं बजावून सांगतेय.

आता फोटोच्या आत बघ. सात जणांकडे स्टिक आहेत म्हणालास. जुन्या हॉकीत सात गडी असत, सातव्याला रोव्हर म्हणत. इकडच्या पूर्वेकडच्या व्यावसायिक संघांनी तो १९११ मध्ये काढला, पश्चिमेच्या लीगने १९२२ पर्यंत ठेवला. म्हणून कोणी चटकन म्हणेल की सात आहेत म्हणजे फोटो जुना. तसं मानू नकोस. एक जण राखीव असू शकतो, दोन्ही संघांतले उरलेले मिळून सात असू शकतात, शिवाय शिमल्यात कोण कुठल्या नियमाने खेळत होतं हे आपल्याला कुठे माहीत आहे? गोलाला जाळी दिसते का बघ. जाळी १९०० च्या आसपास आली, पण डोंगरावरच्या क्लबात नुसते दोन खांबही चालत असतील. स्टिकचं पातं लांब सपाट आहे की बँडीसारखं आखूड आणि जास्त वळलेलं? जमिनीवर काही पडलंय का, चेंडू की पक? बँडी हा बर्फावरचा चेंडूचा खेळ, त्यात अकरा गडी. तुझ्या फोटोत हॉकीच आहे हेसुद्धा अजून ठरायचंय, हे ध्यानात ठेव.

स्कॅन आधी पाठव, पण मूळही घेऊन जा. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, प्लॅस्टिकमध्ये नको. आणि गेल्यावर "हा भारतातला पहिला हॉकीचा फोटो आहे" असं चुकूनही म्हणू नकोस. 'पहिला' हा शब्द त्या हॉलमध्ये फार जपून उच्चारतात. "हे मला इथे मिळालं, यात मला एवढं दिसतं, पुढचं दिसत नाही" असं म्हण. मग बघ किती जण खुर्ची ओढून बसतात.

एक मनातलं सांगते. मला त्या संमेलनांत सर्वांत जास्त काय भिडलं असेल तर यादीबाहेर राहिलेल्यांची शोधाशोध. १८९५ मध्ये हॅलिफॅक्सच्या बाप्टिस्ट चर्चांमधल्या काळ्या तरुणांनी स्वतःची लीग काढली होती, कलर्ड हॉकी लीग. तिकडच्या किनाऱ्यावरच्या गावांत गर्दी व्हायची त्यांच्या सामन्यांना. पुढे शंभर वर्षं ती कोणाच्या पुस्तकात नव्हती. लोकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेक नाव वर काढलं, आणि २०२० मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. टोरंटोचा हर्ब कार्नेगी रंगामुळे एनएचएलमध्ये पोचू शकला नाही, त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०२२ मध्ये, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर. लॉर्ड स्टॅनलीची मुलगी इझोबेल इथे ओटावात रिडो हॉलच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या बंगल्याच्या, बर्फावर खेळायची. १८९० च्या सुमाराचा फोटो आहे, पांढऱ्या लांब झग्यात, हातात स्टिक. कप बापाच्या नावाने सगळ्यांना पाठ आहे, मुलीचं नाव माझ्या नातीने मला विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा शोधलं. सातबाऱ्यावर बहिणींची नावं लावायला मी किती वेळा वरिष्ठांशी भांडले असेन. त्यामुळे तुझ्या त्या आठ अनोळखी माणसांबद्दल मला आत्ताच काळजी वाटायला लागली आहे. त्यातला एखादा तरी आपल्याकडचा आहे का, तेही बघ.

---

पुणे३ | १३ एप्रिल, रात्री ११:५५

ताई, तिरपा दिवा धरला. वर आडवी रेघ दबलेली आहे, खाली काहीच नाही. म्हणजे ७. त्याच्या आधीचा आकडा मात्र कागदाच्या सालीबरोबर गेलाय. १७ की २७ की ३७, काहीही असेल. डोंगरवाट म्हणतात तसं रिंक १९२० चं असेल तर १७ बाद व्हायला हवा, पण त्याआधी तिथे गोठलेल्या तळ्यावर कोणी खेळत नसेलच असं तरी कसं म्हणू?

ओव्हरकोटातल्या माणसाच्या डोक्यावर फेटा आहे. मला आजवर ती टोपी वाटली होती. स्कॅन मोठा करून बघितल्यावर कळलं. नाव नोंदवलंय संमेलनाला. मुलगीही येते म्हणतेय.

---

पुणे३ | २६ मे, रात्री ९:१०

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला.

बोलायची यादी भरली होती, पण चहाच्या सुट्टीत मला टेबलाचा एक कोपरा मिळाला. ताई म्हणाल्या तसंच बोललो, मिळालं कुठे, दिसतं काय, दिसत नाही काय. पाच मिनिटांत सात-आठ जण जमले. एका बाईंनी पर्समधून भिंग काढलं आणि मुलीच्या हातात दिलं, "तू बघ, तुझी नजर चांगली" म्हणाल्या. तिने बघितलं आणि म्हणाली, बाबा, यांचे बूट साधे आहेत, स्केट्स वरून बसवलेले आहेत. खरंच, टाचेपाशी किल्लीने आवळायची पकड दिसते, निदान चौघांच्या पायांत. त्या बाई म्हणाल्या, म्हणजे हे स्वतःचे स्केट्स घेऊन आलेले पट्टीचे खेळाडू नसावेत, रिंकवर मिळतील ते चढवून उतरलेले असतील. "असतील" यावर त्यांनी जोर दिला.

स्टिकबद्दल दोन मतं पडली. एक जण म्हणाला पाती हॉकीचीच आहेत, दुसऱ्याला त्यातल्या दोन गवतावरच्या हॉकीच्या वाटल्या. ते मात्र मला लगेच पटलं. डावीकडून दुसरा माणूस स्टिक जशी धरतो तशी आमच्या खडकीच्या मैदानावर शेकडो वेळा बघितली आहे, डावा हात वर, उजवा खाली, पातं आत वळलेलं. हे मी सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या हॉलमध्ये गवतावरची हॉकी हातात धरलेला मी एकटाच होतो. एकाने वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं.

साल ठरलं नाही. फेटेवाला कोण तेही नाही. तोंडी आठवणींबद्दल विचारलं, त्यांनी प्रश्नांचा एक नमुना दिलाय, डोंगरवाट, तो तुम्हाला व्यनि करतो. शिमल्याच्या स्केटिंग क्लबला स्कॅनच्या प्रतीसह पत्र टाकलंय, जुन्या सभासदांच्या वह्या शिल्लक आहेत का विचारलंय. आणि ज्या घरातून खोका आला होता तिथल्या विकणाऱ्या मुलाचा पत्ता शेजाऱ्यांकडून मिळालाय, रविवारी जातो.

---

मोडीवाली | २७ मे, सकाळी ६:५०

त्याच्याकडे जाताना मूळ फोटो नेऊ नकोस, प्रत ने. आधी काही न सांगता त्याला बघू दे आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घे. शिमल्याच्या पत्राची प्रत ठेवली आहेस ना?

मुलीने बुटांचं ओळखलं ते तारखेसकट तिच्या नावाने लिहून ठेव.